आठ वारांचं सोवळं

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चक्क घागरा घालून कचरा वेगळा करत होते. ब्राउनश्वाइगमध्ये राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. रविवारची सकाळ होती. मी प्लॅस्टिकच्या कचऱ्याची पिवळी पिशवी घेऊन खाली उतरले, तर डब्यांपाशी सत्तरीचा एक उंच माणूस. वर काळा शर्ट, गळ्याशी पाद्र्यांची पांढरी पट्टी, खाली गुडघ्यापर्यंत निळ्या-काळ्या चौकड्यांचा घागरा आणि जाड लोकरी मोजे. इथे कार्निव्हल असतो एवढं ऐकून होते, तो कधी असतो हे ठाऊक नव्हतं. मी माझ्या तेव्हाच्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "वेश छान जमलाय तुम्हाला!"

"आभारी आहे," ते म्हणाले, "कामाला निघालोय."

त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी मी रव्याचे लाडू घेऊन माफी मागायला खाली गेले, आणि तिथून आमची ओळख सुरू झाली. आजोबा मूळचे स्कॉटलंडचे. जर्मन शिक्षिकेशी लग्न करून इकडे आले ते इथलेच झाले. निवृत्त झाले होते, तरी गावातल्या एका चर्चच्या छोट्या हॉलमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या तीस-चाळीस लोकांची उपासना तेच चालवत. आमची लेक त्यांना 'खालचे ओपा', म्हणजे खालचे आजोबा, म्हणायला लागली आणि मग आम्हीही.

तो घागरा म्हणजे अर्थातच किल्ट. पण त्यातलं खरं प्रकरण मला त्यांच्या बायकोने सांगितलं. स्कॉटलंडमध्ये मोठमोठ्या कुळांची कापडावरची आपापली चौकट असते, रंग आणि रेघा ठरलेल्या. ओपांचे वडील-आजोबा खाणकामगार, त्यांना कसली चौकट आणि कसलं काय! पण पाद्र्यांसाठी म्हणून एक वेगळी चौकट आहे: गडद निळा, काळा आणि मधून पांढरट बारीक रेघ. ती जन्माने मिळत नाही, पत्करलेल्या कामाने मिळते. मला हे फार आवडलं. जन्माने मिळणाऱ्या गोष्टींचं कौतुक ऐकतच मी मोठी झाले होते.

"पण देवाच्या दारी घागरा कशाला? काळा चोगा आहे की," मी एकदा त्यांना छेडलं होतं.

ओपा मनापासून हसले. त्यांच्या गावातले वडीलधारे हेच म्हणायचे म्हणे, मिरवायला हवं म्हणून घालतो. मग म्हणाले, "चोग्यावरून मी कुणाचा ते कळतं. ह्याच्यावरून मी कुठला तेही कळतं. देवासमोर जाताना त्यातलं एक घरी का ठेवायचं?"

मी देवाधर्माच्या बाबतीत कोरडी आहे, पण हे उत्तर माझ्या डोक्यात राहिलं.

मग त्यांची बायको गेली. आजारपण फार लांबलं नाही. त्यानंतर ओपांनी उपासना घेणं सोडलं. हॉलमध्ये दुसरं कुणीतरी येऊन दोन शब्द बोलायचं, आणि ओपा मागच्या बाकावर साध्या पँटमध्ये बसायचे. किल्ट कपाटात गेला. दोन वर्षं आम्ही तो पाहिला नाही. जिन्यात भेटले की हवापाण्याचं बोलायचे, पण लाडू आता निम्मे परत यायचे.

ती दोन वर्षं सरली त्या वसंतात सासूबाई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या. नवरा कामासाठी निम्मा आठवडा दुसऱ्या शहरात, म्हणजे घरात आम्ही तिघीच: त्या, मी आणि मराठी सगळं समजून जर्मनमध्ये उत्तरं देणारी आमची अकरा वर्षांची लेक.

सासूबाई मिरजेच्या. माणूस प्रेमळ, हाताला चव, पण सोवळ्याच्या बाबतीत लोखंड. रोज सकाळी रेशमी नऊवारी सोवळं नेसून पूजा, आणि ती होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. इथे आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांच्या कापराने छतावरचा राउखमेल्डर, म्हणजे धुराचा भोंगा, बोंबलला आणि वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. तरी पूजा थांबली नाही. त्यातच त्यांचा उजवा खांदा आखडलेला. हात पाठीमागे जात नसे. सोवळं नेसायला त्यांना अर्धा-पाऊण तास लागायचा, दार लावून. आतून अधूनमधून 'आई गं' ऐकू यायचं. मी बाहेर कॉफी पीत उभी असायचे. मदत करू का, असं विचारायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

त्याला कारण होतं. लग्नाला दोन महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. दांडीवर त्यांचं सोवळं वाळत होतं, उन्हाने रंग उतरेल म्हणून मी ते काढलं, छान घडी घालून त्यांच्या पलंगावर ठेवलं. शाबासकीची वाट पाहत होते. त्यांनी ते चिमटीत उचललं, एक शब्द न बोलता न्हाणीघरात नेलं आणि पुन्हा पाण्यातून काढलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तेव्हा ठरवलं, यांच्या कपड्याला ह्या जन्मात हात लावायचा नाही. अठरा वर्षं मी ते पाळलं, आणि त्यांच्या ते लक्षात आलं होतं की नाही हे मला कळलं नाही.

एका मंगळवारी संध्याकाळी ओपा आमच्या दारात आले. हातात कापडी पिशवी, तिच्यात किल्ट. उपासनेला येणाऱ्या मंडळीतल्या एका जोडप्याला बाळ झालं होतं आणि बाप्तिस्मा ओपांनीच द्यावा असा त्यांनी हट्ट धरला होता. येत्या रविवारी.

"मी हो म्हणून बसलो," ते म्हणाले. "आणि आता पस्तावतोय. हा घातला तर मला माघार घेता येणार नाही, एवढाच भरवसा आहे. पण पट्टा उसवलाय. तुझ्याकडे मशीन आहे ना?"

मी पट्टा शिवून दिला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. तो मी शिवलाही, जेवणाच्या टेबलावर, चामडं शिवायची सुई लावून. मग किल्ट सोफ्यावर टाकला, त्याच्यावर माझी ऑफिसची बॅग. लेकीने तो कमरेला गुंडाळून घरभर गिरक्या घेतल्या आणि तसाच घालून पिझ्झा खाल्ला. मी हसले, फोटो काढला. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होत्या.

"हे ते देवाच्या कामाला नेसतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो आई. आठ वार कापड आहे त्यात, माहितीय?"

"म्हणजे आपल्यापेक्षा एक वार कमी," त्या म्हणाल्या.

बुधवारी संध्याकाळी मी ऑफिसमधून आले, तर न्हाणीघरातून टपटप आवाज येत होता. आत पाहिलं. टबवरच्या दांडीला किल्ट आडवा टांगलेला. त्याच्यातून निळसर पाणी गळत होतं. एकही निरी जाग्यावर नव्हती. वर कंबरेपाशी शिवलेला भाग तेवढा शाबूत, खाली सगळं कापड परकरासारखं पसरलेलं.

"आई! हे काय केलंत?"

"ओवळं झालं होतं गं," त्या म्हणाल्या. "काल तुम्ही दोघींनी... पिझ्झासुद्धा... बिचाऱ्यांना काय माहीत? रविवारी देवापुढे तसंच नेसले असते. मी गार पाण्यातूनच काढलंय. शिकेकाई नव्हती म्हणून पोरीचा शाम्पू घातला."

माझा पारा चढला. अठरा वर्षांत जे बोलले नव्हते ते एका दमात बोलले. ही लोकर आहे, हा कपडा धूत नाहीत, नुसता वाऱ्यावर टाकतात, ह्या निऱ्या म्हणजे त्याचा जीव होता. तो माणूस ह्याच्या आधारावर दोन वर्षांनी उभा राहणार होता. आणि शेवटी, "मी हात लावला की तुमचं सगळंच बाटतं, नाही का?"

सासूबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "मी सांगते त्यांना. चल खाली."

मी एकटी जाते म्हटलं तर ऐकेनात. लेकही आली, दुभाषी म्हणून. ओपांनी दार उघडलं. सासूबाई मराठीत बोलल्या, हात जोडून, मध्ये न थांबता. लेकीने त्याचं जर्मन केलं, तेही अगदी थोडक्यात: आजीने किल्ट धुतला, देवासाठी स्वच्छ हवा म्हणून, आणि तिला खूप वाईट वाटतंय.

ओपांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "मग देवाचीच तशी इच्छा असेल. मी त्यांना फोन करून नाही म्हणून सांगतो." त्या आवाजात सुटल्याचा जो सूर होता तो ऐकून मला रडूच आलं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, जर्मन येत नाही, पण सूर त्यांनाही कळला.

"काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "फोन करू नका म्हणावं. निऱ्याच आहेत ना? निऱ्या मला येतात."

हे ऐकून ओपा आत गेले आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, लांब सुया, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान आणि सुती कापडाचा जळक्या डागांचा तुकडा. बायकोचा डबा. ती दर वेळी प्रत्येक निरी धावदोऱ्याने पक्की करायची, ओल्या फडक्यावरून इस्त्री दाबायची आणि मग दोरा काढून टाकायची.

"तुम्ही कधी नाही केलं?" मी विचारलं.

"मला कसं जमणार? पुढची बाजू सपाट असते. निऱ्या सगळ्या पाठीमागे," ते म्हणाले. "मला दिसतच नाहीत. निघताना ती मागे उभी राहायची, दोन्ही हात फिरवायची, पाठीवर एक थाप मारायची. मग मी जायचो. चाळीस वर्षं मला फक्त थाप माहीत आहे."

लेकीने हे आजीला चक्क मराठीत सांगितलं, अडखळत, "थाप मारायची, मग जायचे ओपा" असं. सासूबाई डबा छातीशी धरून जिना चढल्या.

किल्ट वाळायला दोन दिवस लागले. नशीब एवढंच की खांद्यामुळे सासूबाईंना तो पिळता आला नव्हता, नाहीतर लोकर कायमची गोळा झाली असती. तरी अर्धा-पाऊण इंच आटलाच. शनिवारी दुपारी आम्ही जेवणाचं टेबल मोकळं केलं, त्यावर जुनी चादर घातली आणि बसलो. वर शिवलेल्या भागापासून निरी खाली धरत यायची, चौकटीची रेघ शेजारच्या निरीच्या रेघेला भिडली पाहिजे. एक चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात. मी इंजिनिअर. मी पट्टी घेतली, खुणा केल्या, आणि पाचव्या निरीला घोळ घातला.

"पट्टी ठेव," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी अंगठा आणि दोन बोटं कापडावरून नुसती ओढली आणि निरी पडली. दुसरी पडली. त्या धरणार, मी धावदोरा घालणार, असं आपोआप ठरलं. मग इस्त्री. फडकं ओलं करायचं, दाबायचं, वाफ जिरेपर्यंत उचलायचं नाही. खोलीभर ओल्या लोकरीचा वास. त्यांचा खांदा ठणकत होता, हे मला चेहऱ्यावरून दिसत होतं. अठराव्या की एकोणिसाव्या निरीला माझ्या लक्षात आलं की एकाच कपड्याला आम्ही दोघी पहिल्यांदा हात लावतोय.

त्यांच्याही आलं असावं. खाली बघतच त्या म्हणाल्या, "लोकरीला विटाळ नसतो. माझ्या आजेसासूबाईंची धाबळी होती, लोकरीचीच. वर्षानुवर्षं धूत नव्हत्या. हे मला माहीत होतं."

"मग?"

"मग काय. तुम्ही हात लावलेला बघितला आणि हात पाण्याकडे गेला. विचार केलाच नाही. जसा त्या वेळी गेला होता." त्यांनी पुढची निरी धरली. "तुझी घडी फार सुरेख होती गं. मी ती मोडली."

मी सुईत दोरा ओवत बसले आणि तीनदा चुकले.

रविवारी सकाळी घाईघाईत मी धावदोरे काढले आणि किल्ट खाली नेऊन दिला. पट्टा एक भोक अलीकडे लावावा लागला, पण बसला. आम्ही तिघीही ओपांबरोबर बसने हॉलवर गेलो. सासूबाई चर्चच्या आवारात पहिल्यांदाच आल्या होत्या. चपला कुठे काढायच्या, असं विचारलं. काढायच्या नसतात म्हटल्यावर त्यांना ते फारसं पटलं नाही.

आत लोक बसले होते. बाळ रडायला लागलं होतं. पियानोवाल्या बाईंनी तीच धून दुसऱ्यांदा सुरू केली होती, आणि ओपा हॉलच्या दाराबाहेर, आमच्याकडे पाठ करून नुसते उभे. हात मुठीत. मी पाठीमागून पाहिलं तर निऱ्या सुरीच्या पात्यासारख्या सरळ, फक्त खालच्या काठाला पांढऱ्या दोऱ्याची वीतभर शेपटी लोंबत होती. माझीच चूक. मी पटकन पुढे झाले.

"शिवू नकोस," सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "ते सोवळ्यात आहेत."

मी थांबले. ओपा जागचे हलले नाहीत. धून संपली, आत कुणीतरी खाकरलं. लेक कुजबुजली, "वारुम गेट एर निष्ट?" का जात नाहीत ते? मलाही समजेना. दोन वर्षं थांबलेला माणूस अजून दोन मिनिटं थांबला तर मी काय बोलणार होते? पण मला वाटलं, हे आता मागे वळणार, कोट घेणार आणि बस पकडणार.

सासूबाईंनी माझं मनगट सोडलं. त्या स्वतः पुढे गेल्या. वाकून दोरा तोडला, तो पदराच्या टोकात खोवला. मग दोन्ही हात, उजवा जेमतेम उचलत, निऱ्यांवरून वरून खाली फिरवले. आणि पाठीवर एक थाप मारली. चांगली जोरात, मिरजेची.

ओपांनी वळून बघितलं नाही. मान तेवढी किंचित हलवली आणि आत गेले. पियानो पुन्हा सुरू झाला. बाप्तिस्मा नीट झाला, बोलताना आवाज दोनदा अडकला, दोनदा सावरला. सासूबाई सगळा वेळ हात जोडून बसल्या होत्या. नंतर केक आला तेव्हा ओपा आमच्याजवळ आले, सासूबाईंसमोर उभे राहिले आणि त्यांनी अगदी शिकवल्यासारखा नमस्कार केला. लेक म्हणाली की तो तिने बसची वाट बघताना शिकवला होता.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी नेहमीसारखी सकाळी कॉफीचा कप घेऊन पॅसेजमध्ये उभी होते, केस विस्कटलेले, अंगावर रात्रीचाच टीशर्ट. सासूबाईंच्या खोलीचं दार बंद असायचं ते उघडं होतं. आत त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. रेशमी सोवळं अर्धं नेसलेलं, कासोट्याचं टोक डाव्या हातात.

"आहेस का गं बाहेर?" त्यांनी विचारलं. "मागचं दिसत नाही मला. जरा खोच."

"आई, माझी अंघोळ व्हायचीय."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या.

मी कप जमिनीवर ठेवला आणि हात टीशर्टला पुसले. टोक घेतलं, निऱ्या सारख्या केल्या, कमरेला घट्ट खोचलं. मग दोन्ही हात वरून खाली फिरवले. काम झालं होतं, तरी त्या तशाच उभ्या होत्या. तेव्हा मी त्यांच्या पाठीवर हलकीच थाप मारली, आणि त्या देवाकडे गेल्या.